जीपीएस घड्याळ आणि रोजचा सराव: कुठला आकडा पाळायचा, कुठला सोडून द्यायचा

पहाटफेरी

पाऊस ओसरू लागला की मॅरेथॉनचे प्लॅन सुरू होतात आणि प्रत्येक धावगटात तेच प्रश्न फिरू लागतात. अंतर कमी का भरलं, सोप्या रनला हृदयाचे ठोके १८० कसे गेले, व्हीओटू मॅक्स (शरीर ऑक्सिजन किती वापरू शकतं त्याचा अंदाज) का घसरला. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा. कुठली कंपनी भारी हा वाद कृपया इथे नको, त्याचे धागे भरपूर आहेत.

सुरुवात पहिल्या पाच मिनिटांपासून करतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच जन्माला येतात.

जागा काढायची तर उपग्रह या क्षणी कुठे आहेत हे घड्याळाला आधी माहीत हवं. प्रत्येक जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगत असतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. एवढा वेळ कोण थांबणार? म्हणून फोनचं ॲप पुढच्या काही दिवसांचा अंदाज नेटवरून आणून घड्याळात टाकतं. तो ताजा असला तर लॉक, म्हणजे उपग्रहांवरून जागा पक्की होणं, काही सेकंदांत मिळतो. फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप मागच्या मागे बंद केलं असेल तर अंदाज शिळा होतो आणि घड्याळ फाटकात उभं राहून शोधत बसतं. तेव्हा ॲपला बॅटरी सेव्हरमधून सूट द्या आणि रात्री झोपण्याआधी एकदा सिंक झालंय ना ते बघा.

दुसरं, सोसायटीच्या दोन इमारतींच्या मधे उभं राहून लॉक घेऊ नका. रस्त्यावर या, आकाश दिसेल अशा जागी थांबा. हिरवी पट्टी आली तरी लगेच सुटू नका, आणखी ३० ते ६० सेकंद द्या. हिरवा रंग म्हणजे कामापुरते उपग्रह सापडले, एवढंच. थोडं थांबलात की आणखी उपग्रह जोडले जातात आणि पहिल्या किलोमीटरमधली वेडीवाकडी रेघ टळते. विमानाने लांब कुठे गेला असाल किंवा घड्याळ महिनाभर बंद पडलं असेल, तर पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात १५ मिनिटं तसंच ठेवा.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी. रेकॉर्डिंग ‘दर सेकंदाला’ करा. ‘स्मार्ट’ ठेवलंत तर वळणावरचे बिंदू गळतात. ऑटो-पॉज (थांबलात की वेळ आपोआप थांबणं) बंद करा. आणि घड्याळात ड्युअल-बँड (उपग्रहांचे दोन फ्रिक्वेन्सींवरचे सिग्नल घेणं) असेल तर शहरात ते चालू ठेवा.

ओले_मोजे

ड्युअल-बँडने नक्की काय फरक पडतो? बॅटरी तर दणादण उतरते.

पाटी_पेन्सिल

उपग्रहाचा नेहमीचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, त्याला एल१ म्हणतात. दुसरा एल५, ११७६.४५ मेगाहर्ट्झवर. शहरातला खरा शत्रू म्हणजे भिंतीवर आपटून आलेला सिग्नल. तो सरळ आलेल्यापेक्षा जास्त अंतर कापून येतो, त्यामुळे घड्याळाला वाटतं की उपग्रह जरा लांब आहे आणि तुमची रेघ समोरच्या इमारतीतून जाते. एल५ची रचना अशी आहे की सरळ आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा ओळखणं जास्त सोपं जातं. शिवाय दोन फ्रिक्वेन्सी मिळाल्या की वातावरणाच्या वरच्या थरात सिग्नलला होणारा उशीरही हिशेबात धरता येतो.

मुंबईत परळ, लोअर परळ, बीकेसी अशा टॉवरच्या भागात आणि घाटात कड्याला चिकटून धावताना फरक दिसतो. मोकळ्या मैदानावर, समुद्रकिनारी किंवा रुंद हायवेवर जवळजवळ नाही. तिथे साधा मोड ठेवा, बॅटरी वाचवा. काही घड्याळांत आपोआप बदलणारा मोड असतो, तो असेल तर हा विचारच सोडून द्या.

शिकागोकर

इकडच्या मॅरेथॉनला सुरुवातीचे काही किलोमीटर डाउनटाउनच्या उंच इमारतींमधून आणि पुलाखालून जातात. कुठलंही घड्याळ असो, तिथला पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, निरर्थक. जाणती माणसं तेवढ्या टप्प्यात फक्त एकूण वेळ आणि रस्त्यावरच्या पाट्या बघतात.

ओले_मोजे

पेसबद्दलच विचारायचं होतं. स्क्रीनवर ५:१० दिसतं, दोन पावलांनी ६:४०, पुन्हा ५:३०. घड्याळात दोष असतो की आपल्या पायांत?

लेन_एक

दोन्हीत नाही. त्या क्षणाचा पेस मुळात बघायचाच नसतो.

हिशोब करा. ६:००च्या पेसने माणूस सेकंदाला २.७८ मीटर जातो. लागोपाठच्या दोन बिंदूंमधली चूक एका मीटरची धरली, तरी वेग तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चुकला. कंपन्या मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून आकडा गुळगुळीत करतात, म्हणून तो एकतर उड्या मारतो नाहीतर उशिरा बदलतो. वळणावर, झाडीखाली, फ्लायओव्हरखाली हे आणखी वाढतं.

मुख्य स्क्रीनवर चारच रकाने ठेवा: लॅपचा पेस, लॅपचं अंतर, ठोके, एकूण वेळ. लॅपचा पेस म्हणजे चालू किलोमीटरची आतापर्यंतची सरासरी. पहिले २०० मीटर तो डळमळतो, मग बसतो. किलोमीटरच्या मध्यापासून त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. टेम्पो रनला (बराच वेळ टिकवलेला जोरकस वेग) तर दुसरं काही लागतच नाही.

इंटरव्हलला (जोरात धावायचे तुकडे, मधे हळू) वेगळी स्क्रीन करा: लॅपची वेळ, लॅपचं अंतर, बस. वर्कआउट आधीच ॲपमध्ये बनवून घड्याळात पाठवायचा. उदाहरणार्थ १५ मिनिटं वॉर्मअप, मग ६ वेळा ८०० मीटर आणि मधे ४०० मीटर जॉग, शेवटी १० मिनिटं कूलडाउन. वॉर्मअप आणि कूलडाउनची पायरी ‘लॅप बटण दाबेपर्यंत’ अशी ठेवा. सिग्नलला अडकलात किंवा बुटाची नाडी सुटली तर पुढचा इंटरव्हल तुमच्या डोक्यावर बसत नाही.

ऑटो-पॉज बंद का, तेही सांगतो. चढावर चालायला लागलात की काही घड्याळांना वाटतं तुम्ही थांबलात. वेळ गोठते, पेस खोटा चांगला दिसतो, आणि शर्यतीच्या दिवशी खरी वेळ बघून धक्का बसतो. शर्यतीचं घड्याळ पाण्याच्या टेबलापाशीही चालूच असतं.

निशिगंधा

लेन_एक दादा, शर्यतीत घड्याळ नेहमी जास्त अंतर का दाखवतं? ४२.१९५च्या जागी ४२.६, ४२.७. आयोजकांनी चुकीचं मोजलं म्हणून दरवर्षी आरडाओरड होते.

लेन_एक

आरडाओरड करणाऱ्यांनी मार्ग कसा मोजतात ते बघावं. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून मोजतात. सायकल आधी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर फिरवून यंत्राची जुळणी करतात. मोजणारा सगळ्यात जवळची वाट धरतो, वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. वर दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. मॅरेथॉनला हे ४२ मीटर झाले.

तुम्ही गर्दीत डावीउजवीकडे होता, पाण्याला बाजूला जाता, वळण बाहेरून घेता. त्यात घड्याळाच्या रेघेचं नागमोडीपण मिळवा. एक टक्का सहज वाढतो.

म्हणून पेस ठरवताना तो टक्का आधीच कापून घ्यायचा. चार तासांत मॅरेथॉन संपवायची तर कागदावरचा पेस ५:४१. घड्याळात ४२.६ भरणार असं धरलं तर घड्याळावर ५:३८ दिसला पाहिजे. किलोमीटरला तीन सेकंद क्षुल्लक वाटतात, पण ५:४१ बघत धावलात तर शेवटी दोन मिनिटं उशीर.

याहून सरळ रस्ता असा: शर्यतीच्या दिवशी ऑटो-लॅप (दर किलोमीटरला आपोआप पडणारा लॅप) बंद, आणि प्रत्येक किलोमीटरच्या पाटीपाशी लॅपचं बटण स्वतः दाबा. मग अंतर पाट्यांचं, वेळ घड्याळाची. दर पाच किलोमीटरला किती वाजले पाहिजेत ते पेनाने हातावर लिहा. मुंबई मॅरेथॉनमधल्या पेडर रोडच्या चढावर पेस बघून घाबरायचं नाही. तिथे ठोके बघा, हिशोब उतार संपल्यावर.

मैदान_मोकळे

पोलीस भरतीच्या मुलांसाठी लिहितो, कारण हल्ली तालुक्याच्या मैदानावर प्रत्येकाच्या मनगटावर कसलं ना कसलं घड्याळ असतं आणि त्यावरच्या १६०० मीटरवर सगळे विसंबतात. मार्क सेकंदांवर आहेत, त्यामुळे हा खेळ महागात पडतो.

आधी हे तपासा की घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे का. स्वस्त घड्याळांत ‘कनेक्टेड जीपीएस’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ जीपीएस फोनचं. फोन बॅगेत मैदानाच्या कडेला राहिला की घड्याळ हाताच्या झोक्यावरून अंतराचा अंदाज बांधतं. त्या १६०० मीटरला काही अर्थ नाही.

स्वतःचं जीपीएस असलं तरी गोल मैदानावर ते कमी अंतर मोजतं. कारण बिंदू सेकंदाला एक, आणि त्यांना गुळगुळीत करताना वळण आतून कापलं जातं. मैदान जितकं लहान, वळण जितकं आवळ, तितकी कापाकापी जास्त. २०० मीटरच्या मातीच्या चक्करवर तर विचारू नका.

४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर लेन सांभाळा. ४०० मीटर हे फक्त पहिल्या लेनचं अंतर, तेही आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून मोजलेलं. दुसरी लेन ४०७, चौथी ४२२, आठवी ४५३ मीटर. म्हणजे चौथ्या लेनमधून चार फेऱ्या मारणारा मुलगा १६०० नाही, जवळजवळ १६९० मीटर धावतो आणि वेळ बघून उगाच खचतो. काही घड्याळांत ‘ट्रॅक रन’ असा वेगळा मोड असतो. त्यात लेनचा नंबर आधी भरायचा, पहिल्या एक-दोन फेऱ्या त्याच लेनमधून न थांबता मारायच्या, मग घड्याळ ट्रॅकचा आकार ओळखून अंतर त्याला चिकटवतं. मधेच लेन बदललीत तर सगळं फिसकटतं.

गावात ट्रॅक नसेल तर स्वतः आखा. मैदानाच्या मध्यावर खुंटी ठोका, तिला न ताणणारी दोरी बांधा, ३१.५३ मीटरवर खूण करा आणि दोरी ताठ धरून फक्कीने गोल मारा. त्या रेघेच्या बाहेर ३० सेंटिमीटर अंतर ठेवून धावलं की एक फेरी २०० मीटरची होते. आठ फेऱ्या म्हणजे १६००, मुलींच्या ८०० मीटरला चार. नायलॉनची दोरी वापरू नका, ती ताणते. पन्नास मीटरची टेप सगळ्यात बरी.

घड्याळाचं काम मग एकच: दर २०० मीटरला लॅपचं बटण. रात्री आठही लॅप बघा. पहिली फेरी बाकीच्यांपेक्षा तीन-चार सेकंद वेगात आणि सहावी-सातवी ढेपाळलेली असं चित्र जवळजवळ प्रत्येकाचं असतं. सुधारणा तिथे आहे.

१०० मीटरसाठी जीपीएस विसरा. तेरा सेकंदांत तेराच बिंदू येतात. दुसऱ्या माणसाच्या हातात स्टॉपवॉच द्या आणि त्याला अंतिम रेषेवर उभा करा.

पहाटफेरी

मैदान_मोकळे, या प्रतिसादाची वाचनखूण करून ठेवली. आता ठोक्यांकडे वळू या का? सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे.

निशिगंधा

ठोक्यांवर मी लिहिते.

मनगटामागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलला ते मोजतात. हात हलला, पट्टा सैल असला, थंडीत रक्त मनगटाकडे कमी आलं किंवा तिथे गडद टॅटू असला की सिग्नल हरवतो. मग घड्याळ जी ठळक लय सापडेल ती पकडतं, आणि धावताना सगळ्यात ठळक लय पावलांची असते. मिनिटाला १७० पावलं, ठोकेही १७०. सोप्या रनला पहिल्याच मिनिटात ठोके १६५-१७५ला जाऊन सपाट बसले तर संशय घ्या. घरी ॲपमध्ये ठोक्यांचा आणि कॅडन्सचा (मिनिटाला पडणाऱ्या पावलांचा) आलेख एकावर एक ठेवा. दोन्ही रेघा हातात हात घालून चालत असतील तर ते ठोके नव्हेत.

उपाय साधे. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर दोन बोटं सरकवा. पट्टा इतका घट्ट की हात झटकला तर घड्याळ हलू नये, पण रनभर बोटं मुंग्यावू नयेत. रन संपल्यावर पुन्हा सैल करा. सुटण्याआधी पाचेक मिनिटं झपझप चाला म्हणजे हात गरम होतो. तरी शंका आली तर थांबल्याबरोबर मानेवर बोटं ठेवून १० सेकंद मोजा आणि सहाने गुणा. मिनिटभर मोजत बसलात तर ठोके तोवर उतरलेले असतात.

इंटरव्हल करणाऱ्यांनी मात्र छातीचा पट्टा घ्यावाच. तो हृदयाचा विद्युत सिग्नल थेट पकडतो. बांधण्याआधी आतल्या दोन्ही काळ्या पट्ट्या पाण्याने ओल्या करा. कोरड्या असल्या तर पहिली दहा मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात. थंडीत कोरड्या हवेत पॉलिएस्टरचा सैल टी-शर्ट फडफडला की स्थिर विजेमुळे ठोके मधेच २२०ला उडतात. टी-शर्ट अंगाला बसता घाला. रन झाल्यावर यंत्र पट्ट्यापासून काढून ठेवा, नाहीतर ओल्या पट्ट्यामुळे ते रात्रभर जागंच राहतं आणि आतला सेल लवकर संपतो. पट्टा रोज साध्या पाण्यात, आठवड्याला सौम्य साबणात. मशीनमध्ये पिळू नका.

आता झोन, म्हणजे ठोक्यांवरून ठरवलेले जोराचे टप्पे. घड्याळ बॉक्समधून निघतं तेव्हा कमाल ठोके ‘२२० वजा वय’ असे भरलेले असतात. हा सूत्रातला आकडा एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. त्यावर आखलेले झोन म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे कपडे. स्वतःचे झोन असे काढा: १५ मिनिटं वॉर्मअप, मग सपाट रस्त्यावर एकट्याने ३० मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल अशा जास्तीत जास्त जोरात. दहा मिनिटं झाली की लॅप दाबा. शेवटच्या २० मिनिटांचे सरासरी ठोके म्हणजे तुमचा थ्रेशोल्ड, जोर बराच वेळ टिकवता येईल ती वरची मर्यादा. समजा तो १७० आला. त्याच्या ८९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण १५१पर्यंत, सोपं धावणं. ९५ ते ९९ टक्के, १६२ ते १६८, हे टेम्पोचं जोरकस काम. ॲपमध्ये झोन ‘थ्रेशोल्डच्या टक्केवारीत’ असा पर्याय निवडून हे आकडे हाताने भरा.

ही चाचणी थंड सकाळी, आदल्या दिवशी विश्रांती घेऊन करा. बरेच वर्षं बैठं काम आणि वय चाळिशीपुढे असेल, छातीत दुखण्याचा किंवा रक्तदाबाचा इतिहास असेल तर आधी डॉक्टर. बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके मुद्दाम खाली धरलेले असतात, झोनचा हा हिशोब लागूच होत नाही. अशांनी बोलता येईल इतक्याच जोरात धावावं.

ओले_मोजे

निशिगंधाताई, मुंबईत मे महिन्यात झोन पाळायचा तर चालतच जावं लागतं. त्याचं काय?

निशिगंधा

मग चाला, खरंच. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करायला हृदय जास्त रक्त त्वचेकडे ढकलतं, घामाने रक्तातलं पाणीही कमी होतं. त्याच पेसला ठोके डिसेंबरपेक्षा दहा-पंधराने वर असतात आणि तासाभराच्या रनमध्ये पेस न बदलताही चढत जातात. कोकणात ऑक्टोबर हीटमध्येही तेच. सोप्या रनला ठोक्यांची वरची मर्यादा पाळा आणि पेसचा रकाना स्क्रीनवरून काढून टाका. टेम्पोला उलटं: पहाटे लवकर, छोट्या तुकड्यांत. २० मिनिटं सलग करण्याऐवजी ७ मिनिटांचे तीन तुकडे.

२०० आणि ३०० मीटरच्या इंटरव्हलला ठोके बघूच नका. हृदय वर चढेपर्यंत इंटरव्हल संपलेला असतो.

घाटमाथा

ट्रेल आणि चढवाल्यांसाठी थोडं.

चांगल्या घड्याळात उंचीसाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दाब एक हेक्टोपास्कल बदलला की उंची आठ-नऊ मीटरने बदलल्यासारखी दिसते. हवामान बदललं तरी दाब बदलतो, म्हणून पावसाळी दिवशी घरात बसून घड्याळ चाळीस मीटर चढल्याचं सांगतं. यात बिघाड काही नाही. ज्ञात उंचीवर फेरजुळणी करा: पुण्यात साधारण ५६० मीटर, पण आपल्या फाटकाची नेमकी उंची नकाशावरून एकदा काढून ठेवा आणि लाँग रनच्या आधी तीच भरा.

या सेन्सरची बारीक भोकं घड्याळाच्या कडेला किंवा मागे असतात. घामाचं मीठ आणि लाल माती त्यांत बसली की उंचीचा आलेख पायऱ्या-पायऱ्यांचा येतो, किंवा सिंहगड चढूनही एकूण चढ दोनशे मीटरच भरतो. आतकरवाडीकडून वर गेलात तर तो सहाशेच्या आसपास हवा. कोमट पाण्यात घड्याळ १५ मिनिटं बुडवून ठेवा, नळाच्या बारीक धारेखाली धरा, रात्रभर वाळू द्या. पिन, सुई, टाचणी अजिबात नको. आतला पडदा फाटला की पाणी थेट आत.

एक गैरसमज: ‘चढावर जीपीएस अंतर कमी धरतं कारण ते नकाशावरचं सपाट अंतर मोजतं.’ दहा टक्के चढावर हा फरक किलोमीटरला पाच मीटर. घाटातलं अंतर कमी भरतं ते नागमोडी वळणं कापली गेल्यामुळे आणि कड्यामुळे अर्धं आकाश झाकल्यामुळे. कळसूबाईसारख्या वाटेवर पेस नावाचा प्रकारच निरुपयोगी. तिथे स्क्रीनवर ठोके, एकूण चढ आणि वेळ ठेवा. ताशी किती मीटर चढलो, हा आकडा दर आठवड्याला तुलनेला उत्तम.

सातारा हिल हाफची तयारी करणाऱ्यांनी यवतेश्वरच्या घाटाचा मार्ग घड्याळात आधीच टाकून ठेवावा. ज्या घड्याळांत चढाचं वेगळं पान असतं त्यात ‘चढ अजून किती उरला’ हे दिसतं, आणि पहिल्या दोन किलोमीटरचा उत्साह आवरायला त्याचा उपयोग होतो.

पाटी_पेन्सिल

व्हीओटू मॅक्स, रिकव्हरी टाइम, ट्रेनिंग स्टेटस. या तिन्हींचा पाया एकच: अमुक पेसला तुमचे ठोके अमुक. म्हणजे ठोके चुकले, कमाल ठोके चुकीचे भरले, उन्हात धावलात, सिग्नलला दहा वेळा थांबलात किंवा बाळाची गाडी ढकलत धावलात, की सगळी इमारत वाकडी. घड्याळाने ‘अनप्रॉडक्टिव्ह’ (सराव फळत नाही) म्हटलं म्हणून प्लॅन बदलू नका. एप्रिल-मेमध्ये हा शेरा निम्म्या महाराष्ट्राला मिळत असेल.

त्याऐवजी महिन्यातून एकदा हे करा: तोच सपाट रस्ता, तीच वेळ, छातीचा पट्टा, ४० मिनिटं एकाच ठोक्यांवर, समजा १४५. सरासरी पेस वहीत लिहा. तीन महिन्यांत तोच ठोका आणि पेस ६:५०वरून ६:३०वर आला, तर सराव लागू पडतोय. उन्हाळ्याची तुलना उन्हाळ्याशी करा, हिवाळ्याशी नको.

रात्रीचा एचआरव्ही (लागोपाठच्या ठोक्यांमधल्या वेळेतला फरक) उपयोगी आहे, पण बहुतेक घड्याळांना तुमची आधाररेषा बांधायला दोन-तीन आठवडे रोज रात्री घालून झोपावं लागतं. एका रात्रीच्या आकड्याला किंमत नाही. उशिरा जेवण, दारू, प्रवास, ताप येण्याची सुरुवात, सगळ्यांनी तो पडतो. सलग तीन-चार दिवस खाली आणि सकाळचे विश्रांतीचे ठोकेही नेहमीपेक्षा पाच-सहा वर, तर इंटरव्हल पुढे ढकला.

फाइलींबद्दल एक. २०२०च्या जुलैमध्ये गार्मिन या घड्याळ कंपनीच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस ॲप बंद होतं. ज्यांना घड्याळ केबलने कॉम्प्युटरला लावून फाइल काढता येते हे माहीत होतं, त्यांचं काही अडलं नाही. फिट फाइल (घड्याळाची मूळ नोंद) ठेवा. जीपीएक्स या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये मुख्यतः वाट आणि वेळ असते, बाकीचं बरंचसं गळतं.

पहाटफेरी

पावसाळ्यातली निगा कोणी लिहील का? चार्जिंगच्या पिना काळ्या पडण्याच्या तक्रारी याच दिवसांत येतात.

ओले_मोजे

माझा विषय!

पिना काळ्या किंवा हिरवट पडतात त्या ओलं घड्याळ चार्जिंगला लावल्याने. घामाचं खारं पाणी आणि वीज एकत्र आली की धातू झिजतो. रन झाल्यावर घड्याळ नळाखाली धुवा, मागची बाजू मऊ टूथब्रशने घासा, पुसा, अर्धा तास वाळू द्या, मगच केबल. केबलच्या टोकालाही मीठ बसतं, ते विसरू नका. चार्जरची क्लिप सैल झाली असेल तर रात्रभर लावूनही सकाळी १२ टक्के दिसतात, तेव्हा लावल्यावर चार्जिंगचं चिन्ह आलं की नाही ते बघून झोपा. चार्जर साधा पाच व्होल्टचा पुरे.

५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल बुडता येतं असं नव्हे, स्थिर पाण्याच्या तेवढ्या दाबाला चाचणी झाली आहे. पावसात आणि तलावात बिनधास्त वापरा. पाण्याखाली बटणं दाबू नका, गरम पाण्याच्या आंघोळीला घालू नका, साबण आणि वाफ रबरी सील खातात. मुसळधार पावसात टचस्क्रीन थेंबांनाच बोट समजते आणि रन मधेच थांबते. सुटण्याआधी टच लॉक करा. बटणांचं घड्याळ इथे वरचढ.

मनगटावर पुरळ उठतं ते बहुतेक वेळा सिलिकॉनखाली अडकलेल्या घामाने आणि साबणाने. पट्टा काढून धुवा, दिवसा हात बदला, नाहीतर नायलॉनचा विणलेला पट्टा घ्या. विकत घेण्याआधी रुंदी मोजा, २० आणि २२ मिलिमीटर एकमेकांत बसत नाहीत.

निशिगंधा

आणखी एक, विशेषतः बायकांसाठी. ॲपवर रोजची वाट उघडी टाकली की आपण कुठे राहतो आणि पहाटे किती वाजता एकट्या निघतो हे कोणालाही कळतं. २०१८मध्ये स्ट्राव्हा या ॲपच्या हीटमॅपवर (सगळ्यांच्या वाटांचा एकत्र नकाशा) लष्करी तळांच्या वाटा उघड झाल्या होत्या, तिथे घराची काय कथा. प्रायव्हसीमध्ये जाऊन सुरुवात आणि शेवट लपवा, निदान ४०० मीटर. दिसण्याची मर्यादा ‘फक्त फॉलोअर्स’ करा आणि अनोळखी विनंत्या मान्य करू नका. लाइव्ह ट्रॅकिंगचा दुवा घरच्या एक-दोन माणसांनाच पाठवा. ही सेटिंग जुन्या रनना लागू होते का तेही तपासा, नसेल तर जुन्या हाताने बदला.

मैदान_मोकळे

जिममध्ये ट्रेडमिलवर घड्याळ वेगळंच अंतर का दाखवतं, असं विचारणारे निरोप आले आहेत, इथेच सांगतो. आत जीपीएस नाही, हाताच्या झोक्यावरून अंदाज असतो. दांडी धरून धावलात तर घड्याळाला कळतच नाही. आधी बाहेर जीपीएसवर दोन-चार रन करा म्हणजे ते तुमचं पाऊल शिकतं. मग ट्रेडमिलवर किमान दीड-दोन किलोमीटर एका वेगात धावा आणि सेव्ह करताना ‘कॅलिब्रेट’ निवडून मशीनवरचं अंतर भरा. मशीनचा पट्टा स्वतःच चुकीचा असू शकतो. पट्ट्याची लांबी टेपने मोजा, कडेला खडूची खूण करा, कोणीतरी धावत असताना २० फेरे किती सेकंदांत होतात ते बघा. लांबी गुणिले २०, भागिले सेकंद, गुणिले ३.६, हा ताशी खरा वेग. स्क्रीनवरच्या वेगाशी जुळला नाही तर घड्याळात भरायचं अंतर त्याच प्रमाणात बदला.